डावा रकाना

मराठी विभागाच्या मागच्या व्हरांड्यात जुन्या प्रबंधिका सुतळीने बांधून ठेवल्या होत्या. ‘ज्यांना आपली प्रत हवी असेल त्यांनी घेऊन जावी, उरलेल्या निकालात काढल्या जातील,’ असा निरोप महाविद्यालयाकडून आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना आला होता. निकालात काढणे. फार स्वच्छ शब्द आहे. कुणाच्या हाताला काही लागत नाही.

मी माझी प्रत न्यायला गेले नव्हते. माझी प्रबंधिका अभंगांतल्या रूपकांवर होती आणि ती रद्दीत गेली तरी रूपकांचं काही बिघडणार नाही, माझंही नाही. मी शालनची प्रत शोधायला गेले होते.

“मॅडम, मी खुर्ची आणते तुम्हाला,” विभागातली तरुण प्राध्यापिका म्हणाली. ही सगळी आवराआवर तिच्यावर सोपवली होती. “धूळ लई हाय... खूप आहे इथं.”

तिने जीभ चावली नाही, ती थांबलीही नाही. शब्द बदलून ती पुढे गेली, जसा रस्त्यातला खड्डा सवयीने चुकवावा.

काळं रेक्झिन, कोपऱ्यांना बुरशी. वरची सोनेरी अक्षरं पुसत आली होती, पण बोट फिरवलं की अजून लागत होती: ‘शिरोळ परिसरातील स्त्रियांच्या बोलीतील क्रियारूपे’. मी मधलं पान उघडलं. तक्ता तसाच होता. दोन रकाने. डाव्यावर लिहिलेलं, ‘बोलीतील रूप’. उजव्यावर, ‘प्रमाण रूप’. आणि खाली,

मी आले — मी आले.

मी गेले होते — मी गेले होते.

मी एकटी राबते — मी एकटी राबते.

असं पानामागून पान. अनोळखी माणसाला वाटेल, लिहिणारी वेडी होती. शालन वेडी नव्हती. तिचा डावा रकाना पुसला गेला होता, आणि तोही तिच्या भल्यासाठी. इतकी वर्षं झाली, तरी हे वाक्य मनात आलं की माझे दात एकमेकांवर बसतात.

कोल्हापूरच्या बाहेरच्यांना हे सांगावं लागतं. आमच्याकडे बाई ‘मी आले’ म्हणत नाही, ‘आलो’ म्हणते. ‘थांब, येतो.’ ‘मी कवाच जेवलो.’ ‘बाजारात गेलतो.’ दाराआडून ऐकणाऱ्याला वाटावं, आत कुणी बाप्या बोलतोय. यात ऐट नसते, मुद्दाम केलेलं काही नसतं. पाणी उताराला लागावं तसं ते तोंडातून येतं.

राजारामपुरीत आमचं घर होतं. वडील शाळामास्तर. बाहेरच्या खोलीत पाहुणे बसले असले की आई म्हणायची, “मी चहा ठेवते हं.” आणि स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला की स्टोला पिन करता करता स्वतःशीच, “ठेवतो बाई चहा, साखरेचा डबा कुणी हलवला की!” उंबऱ्याच्या अलीकडे एक आई होती आणि पलीकडे एक. पलीकडच्या आईच्या अंगाला रॉकेलचा आणि वेलदोड्याचा वास यायचा. मला तीच आवडायची. लहानपणी मीही ‘येतो’ म्हणायचे. ते कधी गेलं, आठवत नाही. दुधाचे दात कौलांवर फेकलेले आठवतात. ‘येतो’ कुणी कुठं फेकलं, कळलंच नाही.

शालन मला पहिल्यांदा दिसली ती वर्गाच्या दारात, बी.ए.च्या पहिल्या वर्षी. हजेरी संपत आली होती. तिच्या चपला चिखलाने भरलेल्या, छातीशी ओली वही.

“उशीर का?” सरांनी विचारलं.

“येश्टी रुतली सर. स्टँडपासनं पळत आलो.”

वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “या दादा, बसा.” मग आणखी मोठा हशा. ती सरळ चालत आली, माझ्या शेजारी बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, “काय झालं गं ह्यास्नी? आलो तर आलो. उडत येऊ व्हय?”

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ते फक्त मला दिसलं.

त्या हशाला तिने उत्तर द्यायचं ठरवलं ते तिथेच, असं मला वाटतं. पण त्या उत्तराला दोन वर्षं वाट पाहावी लागली. आमच्या वेळी शेवटच्या वर्षी मराठी विशेष विषय घेतलेल्यांना एका पेपराऐवजी प्रबंधिका लिहिता यायची. बाकीच्यांनी संत घेतले, पंत घेतले. शालनने स्वतःची आई घेतली.

आमचे सर वाईट नव्हते. हे वाक्य लिहिताना मला सगळ्यात जास्त राग येतो. वाईट असते तर सोपं झालं असतं. खादीचा सदरा, खिशाला शाईचा डाग, मुलींना घरची पुस्तकं वाचायला द्यायचे आणि परत आली की पानं दुमडली का ते न बघता कपाटात ठेवायचे. ते स्वतः याच जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. त्यांची आई काय ‘मी आले आहे’ म्हणत असेल?

“विषय काय म्हणालीस?”

“आमच्याकडच्या बायका ‘आलो’, ‘गेलो’ म्हणत्यात न्हवं सर, त्याच्यावर.”

“अगं, ती चूक आहे. चुकीवर प्रबंधिका लिहायची?”

“पंचगंगेपासनं कृष्णेपतोर सगळ्या बायका एकदमच चुकत्यात व्हय, सर?”

सर हसले. “भांडखोर आहेस. कर. पण नीट कर.”

त्या ‘नीट’कडे आम्ही दोघींनी लक्ष दिलं नाही. आम्ही जिना धावत उतरलो. खाली गाड्यावर भडंग घेतलं, आणि शालनने त्या कागदी पुडीवरच शाईने दोन उभ्या रेघा मारून पहिला तक्ता आखला. डावा रकाना ती भरणार, उजवा मी. “तुझं शुद्ध लई झ्याक हाय,” ती म्हणाली, “उजवीकडं बस.”

त्या वर्षीच्या श्रावणापासून कार्तिकापर्यंतचे दिवस माझ्या अंगात अजून आहेत. रविवारी शिरोळची एस.टी., पुढच्या काचेला घासणारी उसाची पाती, ड्रायव्हरच्या मागे कोंबड्यांची पाटी. उतरलं की काळ्या ओल्या जमिनीचा वास पायाला चिकटायचा. दिवाळीनंतर त्यात गुऱ्हाळाचा वास मिसळला: उकळता रस, जळतं चिपाड, आणि रस आटवायच्या काहिलीच्या काठाला लागून करपलेल्या गुळाची कडसर गोडी. तो वास माझ्या सुती साडीत बुधवारपर्यंत राहायचा. आई साडी हुंगून म्हणायची, “आलात का भुतं होऊन दोघी?”

चिठ्ठ्या आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या केल्या होत्या. कोऱ्या पाठीवर लिहायचं. प्रत्येकीच्या कोपऱ्याला कुठल्यातरी लग्नाचं हळदकुंकू लागलेलं. म्हणून शालनचा डावा रकाना लिहिण्याआधीच लाल-पिवळा होता.

पण बोली गोळा करायला गेलं की बोली पळून जाते. माझा चष्मा आणि हातातली पेन्सिल पाहिली की बायका पदर सारखा करत आणि पाहुण्यांपुढे बोलावं तसं बोलत. एका म्हातारीने मला बसायला पोतं दिलं, घसा साफ केला आणि म्हणाली, “मी आत्ताच जेवून आले आहे.”

शालनने कपाळावर हात मारला. “अगं बया, रेडिओच लागला की!”

मग तिने तिची पद्धत शोधली. ती कुठल्याही पुस्तकात नव्हती. “भांडाण लावल्याबिगर खरं तोंड उघडत न्हाय,” ती म्हणाली. मी बांधावर पाठ करून बसायचं, शेंगा सोलत असल्याचं दाखवायचं आणि चिठ्ठ्या मांडीवर ठेवायच्या. ती भांडण लावणार.

उसात बायका रांगेने तण भांगलत होत्या. मधोमध शालनची आई. तिला घरात सगळे आक्का म्हणत, पोरंसुद्धा.

“आक्का,” शालन बांधावरून ओरडली, “काल बाजारात गेलतीस आन मला बांगड्या आणल्या न्हाईस व्हय?”

“मी?” आक्काचं खुरपं मातीत रुतलं. “मी कवा गेलतो गं बाजारात? दिसभर हितं वाकून बसलोय, कंबरंचा काटा ढिला झाला, आन ही मला बाजारात धाडती! मी एकटी राबतो, एकटी मरतो, आन ह्या म्हाराणीला बांगड्या!”

“खरं हाय की वैनी,” शेजारची बाई सरसावली, “मी बगितलो की, तू हितंच हुतीस.”

“तू गप गं. तुला कोण इचारलं?”

आणि मग रांगच्या रांग पेटली. बोललो, गेलतो, सांगतो, मरतो, उडत होते नुसते. मी शेंगा टाकून दिल्या आणि लिहीत सुटले. शालन माझ्या खांद्यावरून वाकून हळूच म्हणाली, “घावलं का?”

घावलं होतं. त्या दिवशी चिठ्ठ्या संपल्या, मग मी शेंगांच्या पिशवीवर लिहिलं.

संध्याकाळी पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसलो असताना शालन एकच चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होती. ‘मी एकटी राबतो.’

“बग की,” ती म्हणाली. “‘एकटा’ न्हाय म्हणली. ‘एकटी’ म्हणली. आन फुडं ‘राबतो’. इशेषण बाईचं, क्रियापद बाप्याचं.”

“चुकून झालं असेल.”

“समद्याच चिठ्ठ्यांत चुकून?” तिने त्या माझ्यापुढे पसरल्या. खरंच, सगळीकडे तेच होतं. ती चिठ्ठ्या पुन्हा गोळा करू लागली. “म्हंजे एकटी आसती ती बाईच. पर राबायचं, जायचं, मरायचं आलं की मधी बाई-बाप्या कोण न्हाय. नुसता मी हाय.”

मी उजव्या बाजूला लिहिलं, ‘प्रथमपुरुषी क्रियारूपात लिंगभेद लोप पावतो.’

तिने वाचलं. “व्हय. तेच. पर तुझं वाक्य वाळल्यालं हाय.”

लिहिणं आमच्या राजारामपुरीच्या घरी चाले. बाभळीचा डिंक वाटीत भिजवून ठेवलेला असे, त्याचा आंबूस वास सगळ्या माडीवर. चिठ्ठ्या फुलस्केपवर डावीकडे चिकटवायच्या, उजवीकडे मी सुवाच्य लिहायचं. एकदा आई वर आली, पसारा पाहून दारातच थबकली आणि म्हणाली, “पोरींनो, चहा ठेवतो मी, आधी हे डिंकाचे हात धुवा.”

शालनने मान वर केली. “मावशी, काय म्हणालात?”

आईच्या लक्षात आलं. ती इतकी लाजली की पदराने तोंड पुसायला लागली. “जाऊ दे गं. ठेवते म्हटलं.”

“न्हाय. पयलं म्हणालात ते.” शालन उठून उभी राहिली होती. “मावशी, त्ये चुकीचं न्हाय. ते लिवायचंच हाय मला. म्हणा की परत.”

आईने जिन्याकडे बघितलं. वडील शाळेत होते. मग मास्तरांच्या बायकोने, आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मागितलं म्हणून, हसत हसत म्हटलं, “चहा ठेवतो मी.” शालनने ते लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलं आणि खाली कंसात ‘राजारामपुरी’ असं घातलं. आई दिवसभर गुणगुणत होती. म्हणून हा रकाना फक्त शिरोळचा नव्हता. माझ्या आईचा एक ‘ठेवतो’ त्यात होता. तो दुसरीकडे कुठेही नव्हता आणि आता तर आईही नाही.

हस्तलिखित सरांकडे दिलं तेव्हा ते इतकं फुगलं होतं की दोरीने बांधावं लागलं. “टंकलेखनाचं आणि बांधणीचं मी बघतो,” ते म्हणाले. “तुम्हा मुलींना कुठे हेलपाटे.”

नाताळची सुट्टी संपली आणि त्यांनी आम्हाला विभागात बोलावलं. टेबलावर काळी प्रत होती, नव्या रेक्झिनचा आणि सरसाचा वास सुटलेला. शालनने ती दोन्ही हातांत घेतली, सोनेरी अक्षरांतल्या स्वतःच्या नावावरून अंगठा फिरवला आणि न उघडताच वाकून सरांच्या पाया पडली.

“सुट्टीत घरच्यांना गावी धाडलं आणि लाल शाई घेऊन बसलो,” सर म्हणाले. त्यांचे डोळे खरोखरच लाल होते. “एक न् एक पान शुद्ध केलं आहे. आता कुणी नाव ठेवणार नाही.”

तिने प्रत उघडली. आधी हसली. पान उलटलं. परत हसली, पण आवाज आला नाही.

“सर, दोन्ही रकाने एकच झाल्यात.”

“बरोबर. दोन्ही शुद्ध आहेत.”

“पर सर, डावीकडं आमचं बोलणं हुतं.”

“अगं वेडे,” सरांचा आवाज इतका मऊ होता की त्याची मला अजून शिसारी येते, “परीक्षक बाहेरगावचे आहेत. त्यांच्यापुढे तुझ्या आईला तसं बोलताना उभं करायचं का?”

मार बसावा तशी शालन उभी होती. जिच्यासाठी तिने हे सगळं केलं, त्या आईला लपवायला हवं असं तिला सांगितलं गेलं, आणि तेही मायेने. शिवी दिली असती तर तिने परत केली असती. माया कशी परत करायची?

आम्ही टंकलेखकाकडे धावलो. निदान हस्तलिखित तरी. तो कार्बनचे काळे झालेले हात धूत होता.

“ते होय? बंबात गेलं,” तो म्हणाला. “डिंकामुळं छान पेटलं.”

कुणाच्या तरी आंघोळीचं पाणी आक्काच्या बोलण्यावर तापलं. त्या चिठ्ठ्यांची राख कुणीतरी भांडी घासायला घेतली असेल. मी शांत बाई आहे, माझा आवाज चढत नाही, वर्गातही चढत नसे. पण त्या राखेची आठवण झाली की मला अजून काहीतरी फोडावंसं वाटतं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी उकाडा होता, म्हणून दार उघडं ठेवलं होतं. मी बाहेर बाकावर बसले होते. आत परीक्षक, शेजारी आमचे सर, समोर शालन.

“आपण दोन रकाने दिलेत,” परीक्षक म्हणाले. “दोन्हींत अक्षराचाही फरक नाही. मग सिद्ध काय केलंत?”

पंख्याचा आवाज. सर खिडकीबाहेर बघत होते. एक वाक्य. सरांनी एक वाक्य बोलायला हवं होतं: ‘तो रकाना मी बदलला.’ खिडकीबाहेर एक कडुनिंब होता, आणखी काही नव्हतं. तरी ते तिकडेच बघत राहिले.

शालननेही त्यांचं नाव घेतलं नाही. मी पुढे कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाली असती, “म्हाताऱ्याला कशाला मारायचा?”

“सर, डावा रकाना वाचायचा न्हाय, ऐकायचा हाय,” ती म्हणाली. “मी बोलून दाखवतो.”

“दाखवतो?” परीक्षक हसले. “दाखवते म्हणावं.”

“तेच तर सांगतोय न्हवं सर.”

बाहेर मी हसले. आत कुणी हसलं नाही.

परीक्षकांचा शेरा शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला आहे, अजून पुसलेला नाही: ‘शुद्धलेखन निर्दोष. विवेचनास आधार नाही.’ शालन जेमतेम पास झाली. एम.ए.चं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

तिच्या लग्नाआधी मी शिरोळला गेले होते. घराच्या पुढच्या सोप्यात हळद कांडण्याचा आवाज चालला होता. आक्काने हात पदराला पुसले, शालनच्या समोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “आता वाच की. वरीसभर नुसतं भांडलीस माझ्यासंगं. काय लिवलंस बगू.”

मी शालनच्या मागे बसले होते. मला पान दिसत होतं. तिने स्वतःकडच्या दुसऱ्या प्रतीतला तक्ता उघडला आणि डाव्या रकान्यावर बोट ठेवलं. बोटाखाली लिहिलं होतं, ‘मी गेले होते.’

“मी गेलतो,” शालनने वाचलं.

बोट खाली सरकलं. ‘मी एकटी राबते.’

“मी एकटी राबतो.”

‘मी एकटी मरते.’

“एकटी मरतो. आन ह्या म्हाराणीला बांगड्या!”

आक्का हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या बायका कांडणं थांबवून जवळ आल्या. शालन ओळीमागून ओळ वाचत गेली. एकही रूप चुकलं नाही, प्रत्येकीच्या आवाजाचा चढउतारसुद्धा तोच. “अगं, ही तर मीच की!” “ही गंगू, ही गंगूच बग!” माझ्या आईचा ‘चहा ठेवतो मी’ आला तेव्हा ती क्षणभर मागे वळून माझ्याकडे बघून हसली.

आक्काने पानावर तळहात ठेवला. “लिवलंय तसंच वाचतीस न्हवं? का मला बनवतीस?”

मला शालनचं नख दिसत होतं. डाव्या रकान्यावर दाबून ते पांढरं पडलं होतं. जी मुलगी परीक्षकाला घाबरली नाही, कुणापुढे एक शब्द फिरवला नाही, ती आईच्या डोळ्यांत बघून म्हणाली,

“लिवलंय तसंच.”

आक्काने काळ्या रेक्झिनला हळदकुंकू लावलं.

शालनची खरी प्रबंधिका त्या दिवशी त्या सोप्यात एकदाच वाचली गेली. ती ऐकणाऱ्या बायकांपैकी आता कोणी उरलेलं नसेल. ती हळदीची प्रतही पुढे कुठे गेली, मला माहीत नाही.

एकोणीसशे ऐंशीनंतर कधीतरी कोल्हापूरच्या स्टँडवर ती मला भेटली. म्हणजे मी तिला ऐकलं. “अगं ए! मी हाय की! शालन!” अख्खा स्टँड वळला. अंगाने भरली होती, हातात औषधांची पिशवी. कुणाची ते मी विचारलं नाही.

“अजून शिकवतीस व्हय? काय शिकवतीस पोरींस्नी?”

“व्याकरण.”

“मग डावा रकाना शिकीव की त्यांला.”

कंडक्टरने घंटी मारली. ती चढली, खिडकीतून हात काढला. “येतो गं!”

त्यानंतर पोस्टकार्डच आलं. त्यात तिचं ‘दुःखद निधन’ झालेलं होतं. शालनचं निधन कधी झालं नसतं. ती ‘चाललो गं’ म्हणाली असती.

व्हरांड्यात ऊन सरकून माझ्या पायावर आलं होतं. सरांच्या नावाने या महाविद्यालयात दरवर्षी शुद्धलेखनाची स्पर्धा होते. मला परीक्षक म्हणून बोलावतात. मी जात नाही. कारण विचारतात तेव्हा तब्येतीचं सांगते.

आत ती तरुण प्राध्यापिका फोनवर बोलत होती. “आई, आलो की गं! किती येळा सांगू? एक मॅडम आल्यात, त्यास्नी पुस्तक देतो आन निघतोच.” मग ती दारात आली. तिने माझ्या चष्म्याकडे बघितलं आणि ओढणी सारखी केली. “सापडली का मॅडम प्रत? मी आलेच, नोंद करून घेते.”

फोन ठेवल्यापासून दारापर्यंतच्या तेवढ्याशा अंतरात तिने उंबरा ओलांडला होता. आणि या वेळी मी पाहुण्यांच्या बाजूला बसले होते.

मी पुस्तक मांडीवर घेतलं आणि डाव्या रकान्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागले. मी आलो. मी गेलतो. मी एकटी राबतो. सगळं येत होतं. शालनने त्या सोप्यात वाचलेलं सगळं माझ्या कानात जसंच्या तसं होतं. पोरगी दारातच उभी राहिली. चहा ठेवतो मी. मग पुढची ओळ आली आणि मी थांबले.

‘मी रागावले आहे — मी रागावले आहे.’

आक्का काय म्हणाली होती? तो शब्दच माझ्याकडे नव्हता. इतकी वर्षं मी जो राग बाळगला, त्याचं नाव लाल शाईने खोडलं होतं आणि मला तो शुद्ध मराठीत वाहावा लागला होता.

“काय झालं मॅडम?” तिने वाकून पान बघितलं. “दोन्हीकडे सारखंच आहे की.”

“डावीकडे वेगळं होतं. तुमच्या घरी काय म्हणतात याला?”

“घरी?” तिने मागे विभागाच्या दाराकडे पाहिलं, कुणी आहे का बघितल्यासारखं. मग आवाज खाली आणला. “‘मी खवळलोय’ म्हणती आई.”

“आणि तुम्ही?”

ती हसली. “मीबी.”

खवळलोय. मी ते एकदा मनात म्हटलं, आणि आक्काचं खुरपं मातीत रुतल्याचा आवाज आला. मी तिचं पेन मागून घेतलं, डाव्या रकान्यातल्या त्या वाक्यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘मी खवळलोय’. कागद जुना होता, शाई फुटली.

प्रत पिशवीत घातली. पायऱ्या उतरताना कठड्याला धरून वळले. ती अजून दारात उभी होती.

“येतो मी,” मी म्हटलं.

बंद पडलेला नळ सुटावा तसा आवाज निघाला, गंजलेला आणि जाडाभरडा. तिच्या भुवया वर गेल्या. मग तिने ओढणी खांद्यावर टाकली आणि व्हरांडाभर घुमेल अशा आवाजात म्हणाली,

“या की!”